मित्रांच्या हाती कलथा

नोव्हेंबरातील पहिल्या शनिवारी अमेरिकेतील पुष्कळ घरांच्या परसात शेगडीवर मोठे पातेले चढते. घरी बीअर करणारा कोणी जाणता त्या दिवशी आपल्या मित्रांस ती कृती शिकवतो. अशा हौशी मंडळींच्या तेथील संघटनेने १९९९ साली हा दिवस सुरू केला.

ही विद्या बराच काळ चोरून चालत असे. दारूबंदी १९३३ साली उठली, घरच्या वाइनला मुभा मिळाली, बीअरला मात्र मिळाली नाही. कोलोरॅडोतील बोल्डर गावी चार्ली पपेझियन या शाळामास्तराने कायद्याची वाट न पाहताच वर्ग चालवले. पुढे अध्यक्ष कार्टर यांनी १९७८ च्या ऑक्टोबरात नव्या कायद्यावर सही केली. अलाबामा व मिसिसिपी ही राज्ये तर २०१३ पर्यंत अडून बसली होती!

शिकावयास आलेल्यांची पहिली निराशा ही, की प्रारंभी नुसते धुणेच असते. मोड आणून वाळवलेल्या जवाचा गोड काढा तासभर उकळतो, तोवर धास्ती नसते. तो निवाला, की त्याला लागणारी प्रत्येक वस्तू जंतुरहित हवी. एरवी पाच गॅलन, म्हणजे सुमारे १९ लिटर माल आंबूस होतो. ते कळते महिन्याने, आणि दोष कोणाच्या हातचा हे तेव्हा सांगता येत नाही. म्हणूनच यजमानास सारे स्वतःच करण्याचा मोह होतो. तो ज्याला आवरतो तोच खरा शिक्षक. पापडाच्या दिवशी शेजारची पोर वेडावाकडा पापड लाटते, तरी जाणती बाई तिच्या हातून लाटणे काढून घेत नाही, तसेच हे. काढा उतू जाऊ लागला, तर कलथा ज्याच्या हाती आहे त्यानेच आच कमी करावयाची. हॉप्सची फुले आधी टाकली तर कडवटपणा, शेवटी टाकली तर सुवास, हेही त्याने वास घेऊनच शिकावे.

मग काढा बर्फाच्या पाण्यात झपाट्याने निववून, साधारण वीस अंशांवर आला की यीस्ट घालतात. कढत दुधात विरजण घालू नये हे आपल्याकडे सांगावे लागत नाही. तेथे ते समजावून द्यावे लागते.

एवढे करून त्या दिवशी हाती काहीच येत नाही. यजमान आपली मागची एखादी बाटली फोडतो, इतकेच. दोन आठवडे आंबवण, नंतर मोजकी साखर घालून बाटल्या भरणे (साखर अधिक झाली तर बाटली फुटते), आणि पुन्हा दोन आठवडे थांबणे. हौसेने आलेल्यांपैकी काही जण तेवढ्यात गळतात. उरलेले, घरच्या रिकाम्या बाटल्या घासूनपुसून, पिशवीत घालून, बाटल्या भरण्याच्या दिवशी दारात उभे असतात.