तिसऱ्या मजल्यावरची बाई

भीतीची कादंबरी रात्री एकट्यानं वाचावी, असं म्हणतात. मी म्हणेन, ती चार वाचणाऱ्यांनी मिळून वाचावी.

शार्लट ब्राँटेची १८४७ सालची 'जेन आयर' घ्या. थॉर्नफील्डच्या वाड्यात रात्री कुणीतरी हसतं, बिछान्याला आग लागते. एकटं वाचताना आपण जेनचा हात धरून चालतो. तिसऱ्या मजल्यावर कोंडलेली बर्था, रॉचेस्टरची पहिली बायको, आपल्याला भूतच वाटते. पण सोबतचं कुणीतरी विचारतं, "हिची बाजू हिच्या तोंडून कुठं येते का हो?" आणि सगळे गप्प होतात.

अशा वेळी पुढच्या बैठकीला जीन ऱ्हिसची १९६६ सालची 'वाइड सारगासो सी' काढावी. ऱ्हिस कॅरिबियन बेटांतल्या डॉमिनिकात जन्मलेली. तिच्या कादंबरीत बर्थाचं खरं नाव कळतं, आंत्वानेत. 'बर्था' हे नवऱ्यानं लादलेलं. तिचा पैसा त्याच्या हाती जातो, जमैका सुटतं आणि इंग्लंडात ती कोंडली जाते. ती बोलू लागते, तशी आपल्याला तिच्यापेक्षा त्या कुलपाची भीती वाटू लागते.

दोन्ही पुस्तकं जरूर वाचा. फक्त असा प्रश्न विचारणारं कुणीतरी शेजारी असू द्या.