क्लच सुटत नव्हता तेव्हा

(स्नेहमेळाव्यात ‘माझा छंद’ या सत्रात केलेले भाषण)



आयोजकांनी मला छंदावर दहा मिनिटे बोलायला सांगितले आहे. माझ्या आधी कुणी गाणे म्हटले, कुणी गच्चीवरच्या बागेचे फोटो दाखवले. माझा छंद जरा तेलकट आहे. न्यू जर्सीतल्या आमच्या घरी एक जुनी, दोन आसनांची, कापडी टपाची जपानी स्पोर्ट्‌स कार आहे. ती आणली तेव्हा बायको म्हणाली होती, “चौघांच्या घरात दोघांची गाडी?” त्याचे उत्तर मला अजून सुचलेले नाही. आज सांगणार आहे ते त्या गाडीच्या क्लचबद्दल आणि माझ्या एका चुकीबद्दल.

तिकडे बहुतेक गाड्या ऑटोमॅटिक. त्यामुळे आमच्या चिरंजीवांना डाव्या पायाला काम असलेली गाडी चालवायची फार हौस. मी शिकवली. दोनेक महिन्यांनी रिव्हर्स टाकताना ‘कर्र’ आवाज येऊ लागला. मग एक दिवस सिग्नलला पहिला गिअर पडेचना. मी घरी येऊन त्याला फैलावर घेतले. “क्लचवर पाय ठेवून चालवतोस, जाळलास क्लच!” तो एकदाच म्हणाला, “बाबा, मी नाही ठेवत.” मग किल्ली खुंटीला लावली आणि गाडी मागणेच बंद केले.

एका गॅरेजला फोन केला. त्यांनी गाडी न बघताच सांगितले की गिअरबॉक्स उतरवून सगळा क्लच बदलावा लागेल, १,२०० डॉलर. आकडा ऐकून मी शांत झालो आणि त्या रात्री पहिल्यांदा नीट विचार केला.

क्लचचे काम थोडक्यात सांगतो. इंजिनाची फिरती चकती आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लचप्लेट असते. स्प्रिंगच्या जोराने ती चकतीला घट्ट चिकटलेली असते. पेडल दाबले की ती सुटते आणि गिअर बदलता येतो. म्हणजे बिघाड दोन तऱ्हेचे. प्लेट झिजली किंवा जळली, तर ती घसरते. इंजिन ओरडते, पण गाडी पळत नाही. दुसरा बिघाड याच्या उलट. पेडल दाबूनही प्लेट पूर्ण सुटत नाही. मग गिअर अडतो आणि रिव्हर्सला करकर होते. माझी गाडी चढावर झकास पळत होती. म्हणजे प्लेट धरत होती, सुटत नव्हती. ज्या गुन्ह्यासाठी मी मुलाला शिक्षा केली, तो घडलेलाच नव्हता!

मग पेडल ती प्लेट सोडवते कशी? इथे मला आपली प्रयोगशाळा आठवली. सर समोरच बसले आहेत. सरांनी एक जाड आणि एक बारीक अशा काचेच्या दोन सिरिंज रबरी नळीने जोडून त्यात लाल पाणी भरले होते. वर्गातल्या सगळ्यात दांडग्या मुलाला जाड सिरिंज दाबायला दिली, सगळ्यात किरकोळ मुलाला बारीक. किरकोळ मुलगा जिंकला. तो मीच. पास्कलचा नियम त्या दिवशी माझ्या अंगठ्यात शिरला. नंतर सरांनी नळीत मुद्दाम हवेचा बुडबुडा सोडला आणि पुन्हा दाबायला सांगितले. माझा दट्ट्या आत गेला, समोरचा हललाच नाही. पाणी दबत नाही, हवा दबते.

माझ्या गाडीत हेच आहे. पेडलपाशी एक दट्ट्या, तो मास्टर सिलिंडर. गिअरबॉक्सपाशी दुसरा, तो स्लेव्ह सिलिंडर. मधल्या पाइपात ब्रेक ऑइल. ते कुठून गळले किंवा आत हवा शिरली, की खालचा दट्ट्या पुरता सरकत नाही आणि प्लेट अर्धवट सुटते.

सकाळी तपासणी केली. पेडल भराभर तीन-चार वेळा दाबले आणि पहिला गिअर अलगद पडला. हे हायड्रॉलिक बिघाडाचे लक्षण. ऑइलची डबी उघडली, पातळी खाली. गाडी जॅकने उचलून स्टँडवर ठेवली, मागच्या चाकांना अडण लावली. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नका. स्लेव्ह सिलिंडरच्या टोकाचे रबरी टोपण मागे सारले, तर आतून ऑइल ठिबकले. आतले रबरी सील गेले होते. वयामुळे, कुणाच्या पायामुळे नव्हे.

नवा सिलिंडर ५० डॉलरच्या आत मिळाला. तो दोन बोल्टवर बसतो. त्रास दिला पाइपच्या नटाने. मी साधा पाना लावला आणि नटाचे कोपरे गोल करून बसलो. त्यासाठी खाचेचा रिंग पाना मिळतो, तो आधीच घ्यावा. ब्रेक ऑइल रंगावर सांडले तर रंग उतरतो, म्हणून पाण्याची बादली जवळ ठेवली होती.

शेवटी एअर काढायची. हे एकट्याचे काम नाही. मी मुलाच्या खोलीचे दार वाजवले. आधी सॉरी म्हणालो. बापाला हा शब्द अवघड जातो, विशेषतः आपल्या पिढीच्या. तो काही न बोलता खाली आला आणि पेडलपाशी बसला. मी गाडीखालून ओरडायचो, “दाब!” मग निपल सैल करायचो. नळीतून बुडबुडे यायचे. निपल बंद केल्यावर “सोड!” पेडल आपोआप वर येत नव्हते, तो हाताने उचलायचा. मधूनमधून वरची डबी भरायची, नाहीतर पुन्हा हवा शिरते. पंधरा-वीस वेळा हे झाल्यावर बुडबुडे थांबले. इंजिन सुरू करून त्याने रिव्हर्स टाकला. आवाज नाही. “बाबा, पडला!”

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण तीन आठवड्यांनी मास्टर सिलिंडर गळू लागला. दोघेही एकाच वयाचे. म्हणून जोडी एकदमच बदलावी. ते दुसरे काम मुलाने केले आणि मी पेडलपाशी बसलो.

सर, तुम्ही आम्हाला सांगायचात की आधी निरीक्षण लिहा, मग अनुमान. मी प्रयोगवहीत ते पाळले आणि घरात विसरलो. १,२०० डॉलर वाचले याचा आनंद आहेच. पण रबरी टोपण मागे सारून बघायच्या आधी मी पोरावर ठपका ठेवला, ती रुखरुख अजून आहे. आता ती गाडी बहुतेक वेळा तोच नेतो. खुंटीवर किल्ली दिसली नाही की मला बरे वाटते.