देशोदेशींची वीज व आपला अडॅप्टर



मुलेंबाळें परदेशीं स्थायिक झाल्यामुळें आतां आमच्या वयाच्या माणसांनाहि समुद्रपार जावें लागतें, आणि पिशवींत लॅपटॉप असतोच. निघण्याच्या आदल्या रात्रीं घरांत हटकून प्रश्न निघतो : तेथली वीज याला मानवेल काय ?

उत्तर अडॅप्टरच्या पाठीवरच छापलेलें असतें. चष्मा लावून 'इनपुट' या शब्दापुढील आंकडे वाचावेत. '१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' असें असेल, तर निश्चिंत असावें. आपल्या घरीं विजेचा दाब २३० व्होल्ट, अमेरिकेंत १२०, जपानांत १००. त्यांतहि जपानच्या पूर्वभागांत सेकंदाला ५० आवर्तनें, पश्चिमभागांत ६०. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तोकियोनें जर्मन जनित्रें घेतलीं व ओसाकानें अमेरिकन, ती फारकत अद्याप मिटलेली नाहीं! अडॅप्टरला मात्र हें सारें सारखेंच. तो आलेला प्रवाह प्रथम एकदिश करतो, मग सेकंदांत हजारों वेळां तोडून-जोडून त्याचा दाब उतरवितो. बाहेरचा दाब कमी-अधिक झाला, कीं ही तोडजोड तो त्या मानानें बदलतो, व लॅपटॉपला नेमके १९-२० व्होल्टच पोंचवितो.

पिशवींतील इतर वस्तू इतक्या समंजस नसतात. अमेरिकेहून आणलेला १२० व्होल्टांचा, १२०० वॉटचा हेअर ड्रायर येथें लावला, तर दाब जेमतेम दुप्पट होतो. पण उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढत असल्यामुळें तो सुमारें ४४०० वॉट ओढूं पाहतो, आणि जळतो. उलट आपली इस्त्री तिकडे नेल्यास चतुर्थांशच तापेल. कपडे चुरगळलेले राहतील एवढेंच.

खरी फसगत होते ती भोंकांमुळें. आपल्याकडील कित्येक एक्स्टेन्शन बोर्डांत कोणत्याहि देशाची पिन विनातक्रार शिरते. म्हणून दाबहि जुळला असें घरांतील मंडळी धरून चालतात. प्रवासासाठीं मिळणाऱ्या ठोकळ्याचीहि हीच गत. तो केवळ पिनांचा आकार बदलतो, दाब नव्हे. त्यालाहि दुकानदार 'अडॅप्टर'च म्हणतात. दोन भिन्न वस्तूंना एकच नांव देण्याची ही खोड वर्गांत मीं चालूं दिली नसती.

त्या ठोकळ्यांत आणखी एक उणीव आढळते. पुष्कळांत तिसऱ्या, म्हणजे अर्थिंगच्या, पिनेची जोडणीच नसते. धातूच्या अंगाच्या लॅपटॉपवर हात ठेवतां बारीक झिणझिण्या येतात, त्या बहुधा यामुळेंच. अडॅप्टरची भिंतीकडील वायर सुटी होणारी असेल, तर त्या देशांत पोंचल्यावर तेथली तीन पिनांची वायर विकत घ्यावी. ठोकळ्याची गरजच उरत नाहीं. मात्र अमेरिकेंत घेतलेल्या वायरीवर बहुधा '१२५ व्होल्ट' असें छापलेलें असतें. परत आल्यावर ती येथें वापरूं नये. आपली जुनी वायर जपून ठेवलेली असावी.