मूषकाच्या पिल्लांनी काय शिकवले?
(मंडळाच्या गणेशोत्सवात नवजात शिशू विभागातील दोन डॉक्टरांनी मिळून केलेले भाषण)



गणरायासमोर त्याच्या वाहनाविषयी बोलायला मिळते आहे, याचा आम्हां दोघांना आनंद आहे. विषय आहे तान्ह्या बाळाची प्रतिकारशक्ती आणि बुरशी.

कॅन्डिडा नावाची बुरशी आपल्यापैकी अनेकांच्या तोंडात व आतड्यात निमूटपणे राहते. बाळाकडे ती जन्मताना आईकडून येते, किंवा नंतर हाताळणाऱ्यांच्या हातांवरून. पुऱ्या दिवसांच्या बाळाच्या जिभेवर, गालाच्या आत तिचा पांढरा थर धरतो. दुधाचा थर पुसला जातो, हा सहज निघत नाही. बहुधा साध्या औषधाने तो बरा होतो. पण एक किलोपेक्षाही कमी वजनाच्या, फार आधी जन्मलेल्या बाळाच्या रक्तात ती शिरली, तर जिवावर बेतते.

अशा वेळी घरात दोन वाक्ये हमखास ऐकू येतात : "बाळात ताकदच नाही" आणि "आईने काय खाल्ले असेल?" दोन्ही वाक्ये आईला लागतात, आणि दोन्हींत तथ्य नाही. आईकडून मिळणारी प्रतिपिंडे मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत वारेतून बाळाकडे जातात. बाळ आधी आले, तर शिदोरी अर्धीच मिळते. त्यात त्वचा पातळ, शिरेत नळ्या आणि प्रतिजैविकांचा मारा.

मग प्राण्यांनी काय दाखवले? 1884 मध्ये मेच्निकोव्ह यांनी डॅफ्निया या पाण्यातल्या पारदर्शक जिवाच्या अंगात शिरलेल्या बुरशीला पेशी गिळताना पाहिले. पेशींच्या या कामावरील संशोधनासाठी त्यांना 1908 चे नोबेल मिळाले. 1996 मध्ये फळमाश्यांवरील प्रयोगात दिसले, की 'टोल' हे एक जनुक बिघडले तर माशी बुरशीने मरते. म्हणजे बुरशीशी लढण्याची मूळ यंत्रणा फार जुनी आहे आणि जन्मजात आहे.

आता उंदीर. निरोगी प्रौढ उंदराच्या आतड्यात कॅन्डिडा सहसा टिकत नाही, कारण तिथले जिवाणू तिला जागाच देत नाहीत. प्रतिजैविके देऊन ते जिवाणू मारले, की ती ठाण मांडते. दूधपित्या पिल्लात मात्र ती सहज वसते, कारण तिथे ही वस्ती अजून बसायची असते.

2000 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो. न्यूमोसिस्टिस ही फुफ्फुसातली बुरशी घालवायला पिल्लांना प्रौढांपेक्षा बराच जास्त काळ लागतो. शास्त्रज्ञांनी पिल्लांच्या प्रतिकारपेशी काढून, स्वतःच्या अशा पेशी नसलेल्या प्रौढ उंदरांत घातल्या. तिथे त्यांनी काम चोख केले! उणीव पेशींत नव्हती. पिल्लाचे फुफ्फुसच त्यांना वेळेवर हाक देत नव्हते.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे आम्ही विसरत नाही. तरी यातून एक विचार मिळतो. बाळाचे सैन्य दुबळे म्हणून हताश होऊ नये. आतले वातावरण वयाबरोबर तयार होते, त्याला घाई करता येत नाही. तोवर बाहेरचे वातावरण सांभाळणे आपल्या हाती आहे.

म्हणून विनंती. बाळ काचेच्या पेटीत असताना आजीआजोबांनाही दारात थांबवले, तर रागावू नका. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत हातपाय धुऊनच जायची रीत होती, तीच आम्ही साबणाने पाळतो. मध, घुटी बोटाने चाटवू नका. आईचे दूध द्या. उरलेली प्रतिजैविके आपल्या मनाने देऊ नका. पांढरा थर खरवडू नका, डॉक्टरांना दाखवा. बाळ दूध ओढेनासे झाले, सुस्त किंवा गार पडले, तर सकाळची वाट पाहू नका.

आणि आईला दोष देऊ नका. एवढे जरी या मांडवातून घरी नेलेत, तरी आमचे बोलणे कारणी लागले.

गणपती बाप्पा मोरया!