रक्ताची साक्ष



सकाळी मूठ वळत नाही, तासभर बोटे आखडलेली असतात, दोन्ही मनगटे सुजतात, अशी तक्रार घेऊन येणारा रोगी पुष्कळदा प्रयोगशाळेचा कागद आधीच काढून आणतो. त्यावर ‘आर. ए. फॅक्टर पॉझिटिव्ह’ असे वाचून घरची मंडळी हबकलेली असतात. त्या कागदाची किंमत किती, एवढेच आज आम्ही सांगणार आहो.

ऑस्लोचे एरिक वालर यांनी १९४० साली प्रसिद्ध केले की, सशाच्या प्रतिपिंडांचा लेप चढवलेल्या मेंढीच्या तांबड्या पेशी अशा रोग्यांच्या रक्तद्रवात गोळा होतात. कारण चमत्कारिक आहे. या रोग्याचे शरीर प्रतिपिंडांविरुद्धच प्रतिपिंडे तयार करते! एका पहारेकऱ्याने दुसऱ्या पहारेकऱ्याची मानगूट धरावी, तसलाच हा प्रकार. परंतु हाच घटक क्षयात, कुष्ठरोगात, यकृताच्या ‘सी’ काविळीत, इतकेच काय, धडधाकट म्हाताऱ्यांतही सापडतो. उलट, खऱ्या आमवाताच्या कित्येक रोग्यांत तो मुळीच नसतो.

दुसरी परीक्षा अँटी-सीसीपीची. तिच्या मुळाशी सिट्रुलिन नावाचे द्रव्य आहे. कलिंगडाच्या शास्त्रीय नावावरून त्याला हे नाव पडले. (म्हणून कोणी कलिंगड सोडू नये!) आपल्या प्रथिनांतील आर्जिनिनचे सिट्रुलिन झाले, की काहींचे शरीर त्या प्रथिनांना परके समजते. ही साक्ष पहिलीपेक्षा पुष्कळ विश्वासाची. सूज येण्याच्या कित्येक वर्षे आधीही ती रक्तात मिळू शकते. तिचे प्रमाण फार असेल तर हाडे झिजण्याचा धोका अधिक. अशा रोग्याच्या बाबतीत आम्ही उपचाराला उशीर करीत नाही.

तरीही २०१० सालच्या आंतरराष्ट्रीय निकषांत या दोन्ही परीक्षांना मिळून दहांपैकी फार तर तीनच गुण आहेत, आणि निदानाला सहा लागतात. मुळात एक तरी सांधा सुजलेला हवा, आणि त्या सुजेला दुसरे कारण नको. नुसता कागद पाहून औषध सुरू करणे आम्हांला मान्य नाही. दर महिन्याला तीच परीक्षा करून पैसे घालवणेही व्यर्थ. गुण आला की नाही, हे सांध्यांवरून आणि ईएसआर, सीआरपी यांवरून समजते.

मात्र बोटे सुजलेली असता ‘निगेटिव्ह’ कागद दाखवून कोणी घरी बसत असेल, तर त्याने तसे बसू नये. पहिल्या काही महिन्यांतच झीज थोपवता येते. वाकडे झालेले बोट औषधाने सरळ होत नाही.