यंत्रमानवाची शिकवणी



यंत्रमानव हा शब्द उच्चारताच माणसाच्या आकृतीचा लोखंडी पुतळा डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु १९६१ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात जनरल मोटर्सच्या कारखान्यात जो यंत्रमानव प्रथम कामास लागला, त्यास ना डोके होते ना पाय. ‘युनिमेट’ नावाचा तो केवळ एक अवजड हात होता. कल्पना जॉर्ज डेव्हॉल यांची. ती कारखान्यापर्यंत नेली जोसेफ एंगेलबर्गर यांनी. साच्यातून निघालेले तप्त धातूचे भाग उचलून बाजूस ठेवावयाचे, हे त्याचे काम. माणसाच्या दृष्टीने ते धोक्याचेच होते.

त्यास शिकविण्याची रीत प्राथमिक शिक्षकास परकी वाटणार नाही. अक्षर गिरविताना गुरुजी मुलाचा हात धरतात, तद्वत तो हात एकेका जागी नेऊन थांबवीत व त्या जागेची नोंद चुंबकीय दंडगोलावर होई. पुढे यंत्र त्याच क्रमाने तीच हालचाल अखंड करीत राही. वस्तू मात्र नेमक्या जागीच हवी, कारण पाहण्याची सोय त्यास नव्हती. क्रम मुखोद्गत, हेतूचा पत्ता नाही! असे पाठांतर शाळांतूनही पुष्कळ आढळते.

यापेक्षा बोधप्रद हकीकत स्वयंचलित वाहनाची आहे. १९८९ च्या सुमारास कार्नेगी मेलन विद्यापीठात डीन पॉमरलो यांनी यंत्रास वाहन हाकण्यास शिकविले. माणूस वाहन चालवी. यंत्र कॅमेऱ्यातून रस्ता पाही व त्याच क्षणी चक्र किती वळले हेही टिपून घेई. येथे एक विचित्र अडचण आली. कुशल चालक रस्त्याच्या मध्यातूनच जातो. कडेला गेल्यावर परत कसे यावे, हे यंत्रास कधी दिसतच नाही. मग अल्पशी चूक झाली की समोर अनोळखी दृश्य येते, तेथे आणखी मोठी चूक होते, आणि चुका साचत जातात. फळ्यावरचा निर्दोष भागाकार उतरवून घेणारा मुलगा घरी हातचा विसरतो आणि पुढचे सारे गणित बिघडते, त्यातलाच हा प्रकार. पॉमरलो यांनी दृश्ये मुद्दाम डावीउजवीकडे सरकवून, त्या स्थितीत चक्र कसे वळवावे तेही यंत्रास दाखविले.

२०११ साली त्याच विद्यापीठातील रॉस, गॉर्डन व बॅग्नेल यांनी याहून साधी युक्ती मांडली. शिकणाऱ्यास स्वतःच करू द्यावे. तो जेथे जेथे पोहोचेल, तेथे काय करावयास हवे होते ते शिक्षकाने सांगावे. ती उत्तरे जुन्या धड्यांत मिळवून पुन्हा शिकवावे. यात शिक्षकाचे श्रम वाढतात, हे खरे. पण धडे शिक्षकाच्या वाटेवरचे न राहता शिकणाऱ्याच्या वाटेवरचे होतात.

आज कापडाची घडी घालणाऱ्या यंत्रहातास शिकवितानाही केवळ नीटनेटकी घडी दाखवून भागत नाही. निसटलेले कापड पुन्हा कसे धरावे, चुकलेली घडी कशी उलगडावी, हेही त्यास करून दाखवावे लागते.