फुकटाची चढाओढ



आपण आम्हाला विषय दिलात तो बोलणाऱ्या यंत्रांचा, आणि ती बनवणाऱ्या कंपन्यांत लागलेल्या शर्यतीचा. आमचे आयुष्य हमाल आणि जिनिंगचे मजूर यांच्यात गेले. कॉलेजची पायरी आम्ही चढलो नाही. पण बाजारात चढाओढ लागली म्हणजे काय होते, हे नांदुऱ्यासारख्या कापसाच्या मुलखात कुणाला शिकवावे लागत नाही. त्याच बाजूने आम्ही विषयाला हात घालतो.

यंत्र काय करते, ते थोडक्यात. त्याला अफाट मजकूर वाचायला देऊन, एका शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव आहे, हे शिकवलेले असते. त्या अंदाजावर ते अर्ज लिहिते, भाषांतर करते, सल्लाही देते. खरेपणाची हमी नाही. कायद्याचे नसलेले कलमही ते ठोकून देते. ओपनएआय या अमेरिकन कंपनीने ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी लोकांपुढे ठेवले, आणि मग गूगल, मेटा, अँथ्रॉपिक, चीनची डीपसीक असे सगळेच आखाड्यात आले.

यातून मराठीला काहीच मिळाले नाही, असे आम्ही म्हणणार नाही. यंत्र वाक्याचे तुकडे पाडून वाचते आणि धंद्यासाठी ते वापरणाऱ्याला तुकड्यांवर आकार पडतो. मे २०२४ मध्ये ओपनएआयने नवे यंत्र आणताना एक नमुना दिला होता. जे मराठी वाक्य पूर्वी ९६ तुकड्यांत मोडत असे, ते आता ३३ तुकड्यांत बसते. तेच वाक्य इंग्रजीत पूर्वी २७ तुकड्यांचे होते, आता २४. म्हणजे तेच बोलायला मराठीला साडेतीनपट भाडे पडत होते! आमच्या मते हा फरक कमी झाला तो गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाईल या धाकाने.

आता फुकटाकडे वळू. जुलै २०२५ मध्ये एअरटेलने आपल्या ग्राहकांना पर्प्लेक्सिटीची वर्षभराची वर्गणी माफ केली. ऑक्टोबरात जिओने गूगलचे जेमिनी अठरा महिने मोफत देऊ केले. ४ नोव्हेंबरपासून ओपनएआयने चॅटजीपीटी गो भारतात वर्षभर फुकट केले. तरुण मंडळी विचारतात, यात वाईट काय? घ्या, जरूर घ्या. पण २०१६ चा सप्टेंबर आठवा. जिओ आले, बोलणे फुकट, इंटरनेट फुकट. आपण रांगा लावल्या. पुढे एअरसेल दिवाळखोरीत गेली, टाटांचा मोबाइलचा धंदा एअरटेलकडे गेला, व्होडाफोन आणि आयडिया २०१८ मध्ये एक झाल्या. जुलै २०२४ मध्ये उरलेल्या तिन्ही खासगी कंपन्यांनी एकाच सुमारास दर चढवले.

या यंत्राला शिकवणारा मजूर मात्र जाहिरातीत दिसत नाही. घाणेरडा, हिंसक मजकूर यंत्राला ओळखता यावा म्हणून तो आधी माणसाने वाचून त्यावर खुणा कराव्या लागतात. ओपनएआयसाठी हे काम नैरोबीत समा या कंत्राटी कंपनीमार्फत झाले. मजुरांच्या हाती तासाला दोन डॉलरहूनही कमी पडत होते, असे 'टाइम'ने जानेवारी २०२३ मध्ये छापले. यांचा मालक कोण, कंत्राटदार की अमेरिकेतली कंपनी?

हा प्रश्न आम्हाला जुना आहे. हमाल आज या अडतीवर, उद्या त्या. म्हणून मालक कुणीच नाही, फंड नाही, रजा नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने त्यावर तोड काढली. मजूर आणि मालक दोघांची मंडळाकडे नोंद, मजुरी मंडळामार्फत, वर लेव्ही, आणि लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार. ज्याचे पोते उचलले त्याने भरायचे. यंत्राला शिकवणाऱ्यांसाठी असे मंडळ का असू नये? आणि ते मागायचे तर कंपन्यांना माणसांची निकड आहे तोवरच मागितले पाहिजे. नैरोबीत १ मे २०२३ रोजी फेसबुक, टिकटॉक, चॅटजीपीटी यांसाठी राबलेले दीडशेहून अधिक कामगार जमले आणि त्यांनी युनियन काढण्याचे ठरवले.

आपल्याकडे कुणी घरबसल्या मराठी वाक्ये ध्वनिमुद्रित करून देण्याचे किंवा चित्रांवर खुणा करण्याचे काम घेत असेल, तर व्याख्यानानंतर आम्हाला भेटावे. दर काय, पैसे कुणाच्या हातून येतात, करारावर कुणाची सही आहे, एवढे आम्ही वहीत लिहून घेणार आहोत.